पणजोबा बंडखोर की दरोडेखोर? सत्तरीचे कागद काय सांगतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची आजी सांगायची की तिचे वडील गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या राण्यांच्या, म्हणजे तिथल्या सरदार घराण्यांच्या, बंडात होते, वर्षभर रानात राहिले, सरकारच्या हाती लागले नाहीत. गावात देवळाजवळ त्यांच्या नावाचा फलक लावायचं चाललं होतं. तेवढ्यात तुमच्या चुलतभावाला एका पोर्तुगीज कागदाची झेरॉक्स मिळाली आणि त्यात त्यांच्या नावापुढे ‘साल्तेआदोर’, म्हणजे वाटमारी करणारा, असं निघालं. आता चुलतभाऊ म्हणतो, दरोडेखोराचा फलक कसला लावता? आणि तुम्ही विचारताय, आजी खरी की कागद खरा?

मी गेली अठ्ठावीस वर्षं मोडी आणि पोर्तुगीज कागद वाचून देतो. बहुतेक काम जमिनीच्या दाव्यांचं, अधूनमधून घराण्याच्या इतिहासाचं. सत्तरीची माणसं माझ्याकडे जास्त येतात, कारण तिथल्या मोकाशाच्या, म्हणजे चाकरीबद्दल राण्यांना वसुलीसकट दिलेल्या गावांच्या, जमिनींचं त्रांगडं आजही सुटलेलं नाही. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर पहिल्यांदा आलेला नाही. त्याचं उत्तर मात्र दर वेळी सारखं निघत नाही, हे आधीच सांगतो. साल कुठलं, गाव मोकाशाचं होतं की नाही, पणजोबा स्वतः राणे होते की राण्यांबरोबर गेलेलं कूळ होतं, आणि घर घाटाच्या कुठल्या अंगाला होतं, यावर बरंच काही अवलंबून आहे. यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. त्या एका शब्दावरून काहीही ठरवू नका. सरकारी कागदात माणसाला वाटमाऱ्या म्हटलंय की बंडखोर, हे तो काय करत होता यावर फार कमी वेळा ठरायचं. सरकार त्या महिन्यात त्याच्याशी लढतंय की बोलणी करतंय, यावर ठरायचं. एकाच माणसाला एका कागदात ‘फासिनोरोझु’, म्हणजे अट्टल गुन्हेगार, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या कागदात ‘सेन्योर’, म्हणजे महाशय, म्हटलेलं मी स्वतः वाचलंय. मधल्या काळात त्या माणसाचं काही बदललं नव्हतं. बोलणी सुरू झाली होती, एवढंच.

हे असं का, ते कळायला सत्तरीची जागा समजून घ्यावी लागते. तिसवाडी, बार्देश, साष्टी सोळाव्या शतकापासून फिरंग्यांच्या हाती. सत्तरी आणि डिचोली त्यांच्याकडे पक्की आली ती १७८० च्या दशकात, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. पेडणे १७८८ मध्ये. राणे मुळात सावंतवाडीकरांचे सरदार. त्यांनी पोर्तुगिजांना मदत केली ती आपले मोकासे, मान आणि गावावरचा अधिकार शाबूत राहील या बोलीवर. म्हणजे राण्यांच्या लेखी तो करार होता आणि पणजीच्या लेखी जिंकलेला मुलूख. पुढच्या सव्वाशे वर्षांची भांडणं या एका फरकातून निघाली, असं माझं मत आहे. कर वाढला, जंगलावर बंधन आलं, कुमेरीची (रान तोडून-जाळून केलेली) शेती अडवली, की राणे म्हणायचे तुम्ही करार मोडलात. आणि सरकार म्हणायचं, कसला करार?

त्यात साम्राज्य उतरणीला लागलेलं. वसई १७३९ मध्येच गेली होती. ब्राझील १८२२ मध्ये सुटलं. पोर्तुगालात १८३२ ते ३४ भावाभावांची यादवी झाली. गोव्यात पैसा नाही, फौज तुटपुंजी, आणि जी होती ती बहुतेक किनाऱ्याकडे. म्हादईच्या पलीकडे, वाघेरीच्या डोंगरामागे सरकार म्हणजे एखादी चौकी आणि चार शिपाई. चोर्ल्याचा घाट चढलात की इंग्रजांचा बेळगाव जिल्हा. उत्तरेला सरकलात की सावंतवाडी संस्थान. केरीच्या माणसाला सकाळची पेज पिऊन निघालं तर संध्याकाळच्या आत तीनपैकी कुठल्याही राज्यात जाता यायचं, आणि तिन्हीकडे त्याचे सोयरे होते. सरकारला जी हद्द वाटायची, ती त्याच्यासाठी परसातली गडग्याची भिंत. ओलांडायची, एवढंच.

आता या हद्दीची गंमत बघा. १८४४ मध्ये सावंतवाडीत फोंड सावंत तांबुळकरांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. मनोहरगड आणि मनसंतोषगड लढवले. १८४५ च्या सुरुवातीला गड पडले, तेव्हा ही मंडळी, बरोबर सावंतवाडीचे युवराज अण्णासाहेब, गोव्यात उतरली. इंग्रजांनी मागणी केली की आमचे गुन्हेगार आमच्या हवाली करा. गोव्याच्या गव्हर्नरनं नकार दिला. त्याच्या मते ते राजकीय आश्रित होते. तीच माणसं, तेच रान. हद्दीच्या एका बाजूला लुटारू आणि दुसऱ्या बाजूला पाहुणे.

चौदा वर्षांनी चित्र उलटलं. १८५८ मध्ये इंग्रज हद्दीतल्या सुप्याच्या जंगलात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बंडवाल्यांच्या टोळ्या शिरल्या. त्यांच्यात सिद्दी बस्त्याव हा आफ्रिकी वंशाचा गडीही होता. या टोळ्या गोवा, कारवार आणि सावंतवाडी या तिन्ही हद्दींतून ये-जा करत होत्या. या वेळी पोर्तुगीज सरकारनं पाहुणचार केला नाही. शरण आलेल्यांपैकी काहींची रवानगी थेट तिमोर बेटावर केली. सत्तावन्न साल होऊन गेलं होतं, इंग्रजांना दुखवणं परवडणारं नव्हतं. पुढे २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात तर जकात, मीठ आणि रेल्वे यांच्याबरोबर गुन्हेगार एकमेकांच्या हवाली करण्याची कलमंच आली. मिठागरांवरचा ताबा इंग्रजांकडे गेला, त्याबदल्यात गोव्याला वर्षाला चार लाख रुपये. तह १८९२ मध्ये संपला. पण तेवढ्या काळात घाटावर मीठ चोरून नेणारा बैलवाला आणि रानातला फरारी, दोघांनाही हद्द एकदम उंच झाली. म्हणून मी पहिला प्रश्न सालाचा विचारतो. १८५२ चा ‘साल्तेआदोर’ आणि १८८५ चा ‘साल्तेआदोर’ यांत मोठा फरक आहे.

आता खुद्द राण्यांची बंडं. लोक ‘राण्यांचं बंड’ असं एकवचनी म्हणतात. प्रत्यक्षात ती अनेक होती आणि एकमेकांसारखी नव्हती. तुमचे पणजोबा त्यातल्या कुठल्या बंडात होते हे कळलं तर निम्मा प्रश्न सुटेल.

सगळ्यात मोठं आणि सगळ्यात स्वच्छ म्हणावं असं बंड दिपाजी राण्यांचं. २६ जानेवारी १८५२ रोजी त्यांनी म्हादईकाठचा नाणूसचा किल्ला घेतला. (त्या तारखेमुळे आता प्रजासत्ताक दिनी नाणूसला त्यांना मानवंदना दिली जाते. योगायोग, पण सत्तरीकरांना तो फार आवडतो, आणि मलाही.) तारीख नीट बघा. जानेवारी म्हणजे भात घरात आलेलं, ओहोळ आटत चाललेले, रानात हिंडायला वाटा मोकळ्या. पावसाळ्यात म्हादई भरली की फौजेला पलीकडे जाता यायचं नाही हे खरं. पण बंडवाल्यांनाही गुहेत कुडकुडत बसावं लागायचं, आणि धान्य संपलं की गाव नाराज व्हायचं. कागद वाचताना महिना बघायची मला सवयच लागलीय. पावसात केलेली लूट बऱ्याचदा भुकेची असते. सुगीनंतरच्या हालचालीत बहुधा काहीतरी बेत असतो. हा माझा अंदाज आहे, नियम नाही.

दिपाजींनी केप्यापासून काणकोणपर्यंत धडका दिल्या आणि सुमारे साडेतीन वर्षं सरकारला दाद दिली नाही. वाटेत लूट झाली का? झाली. माणसं मारली गेली का? गेली. तरी त्याला मी दरोडा म्हणत नाही, कारण त्या बंडाला मागणी होती. आमचे हक्क परत द्या, वाढवलेले कर मागे घ्या, जुनी रीत चालू ठेवा. शेवटी १८५५ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. दरोडेखोराशी कोणी तह करत नाही. एवढी साधी कसोटी मी लावतो: कोणी लेखी काही मागितलं का, आणि सरकारनं त्याला लेखी उत्तर दिलं का?

पण या तडजोडीतच पुढच्या बंडांचं बी होतं. दुबळं सरकार बंड मोडू शकत नाही, म्हणून माफी देतं, मान देतं, मोकासा पुन्हा मान्य करतं. मग पुढच्या पिढीला काय कळतं? अर्ज करून काही मिळत नाही, बंदूक घेऊन रानात गेलं की मिळतं. पणजीच्या कचेरीत पडून राहिलेल्या अर्जाचा निकाल नाणूसच्या बुरुजावरून लावून घ्यायची ही रीत झाली. बंड हा अर्जाचाच एक प्रकार होता, असं मी म्हणतो तेव्हा काही सत्तरीकर माझ्यावर चिडतात. पण कागद मला तेच सांगतात.

कुष्टोबा राण्यांचं प्रकरण याच्या उलट टोकाचं. १८६९ ते १८७१. सांगतात ते असं की सुरुवात घरातल्या वादातून झाली, मग सरकारचा ससेमिरा, मग रान. त्यांची कुठली सनद नाही, मागण्यांची यादी नाही. सरकारी भाषेत ते निव्वळ फरारी गुन्हेगार होते आणि १८७१ मध्ये त्यांना मारण्यात आलं. पण लोकांनी काय केलं बघा. त्यांच्यावर कोकणी गाणी रचली, तीही खाली जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे सोळाव्या शतकापासूनच्या पोर्तुगीज मुलखातल्या, ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत म्हटली जाणारी. ज्यांची जमीन सत्तरीत नाही, ज्यांचा मोकाशाशी संबंध नाही, त्यांना या माणसाचं एवढं कौतुक का वाटावं? मला वाटतं, सरकारची फजिती झालेली बघायची हौस सगळ्यांनाच होती. तो काळही तसाच होता. १८७० मध्ये गोव्याच्या सैन्यातच बंडाळी झाली होती, आणि १८७१ मध्ये लिस्बनहून आलेल्या राजपुत्रानं ते सैन्यच मोडीत काढलं. स्वतःचे शिपाई सांभाळता येत नाहीत ते सरकार डिचोलीच्या रानात एकटा माणूस कुठे शोधणार?

१८९५ चं बंड तर शिपायांनीच सुरू केलं. मोझांबिकात पोर्तुगिजांची लढाई चालू होती, तिकडे गोव्याच्या मराठा शिपायांना पाठवायचं ठरलं. समुद्र ओलांडणं, जात, बायकामुलांचं काय, अशी सगळी धास्ती होती. सप्टेंबरात ते बिथरले, बंदुका घेऊन नाणूसला पोचले आणि राणे त्यांना मिळाले. दादा राणे अडवईकर हे त्यातलं मोठं नाव. सप्टेंबर निवडण्यातही हुशारी होती. पाऊस ओसरतोय आणि पोर्तुगालहून कुमक यायला दोन महिने तरी लागणार. ती आली नोव्हेंबरात, राजाचा सख्खा भाऊ दों आफोंसो याच्या हाताखाली. बंड मोडलं, दादा राण्यांना तिमोरला धाडलं. शेवटचं बंड १९१२ चं. पोर्तुगालात राजा जाऊन प्रजासत्ताक आलं तरी सत्तरीचं गाऱ्हाणं तेच होतं. ते मोडायला मात्र मोझांबिकहून काळे शिपाई आणले. सतरा वर्षांपूर्वी गोव्याचे शिपाई जिकडे जायला तयार नव्हते, तिकडचेच शिपाई इकडे आले. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी त्यांचा उल्लेख ‘खाप्री’ असा यायचा. तुमच्या आजीच्या गोष्टीत खाप्री असतील तर साल १९१२ धरायला हरकत नाही.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिच्यातूनच मिळालं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कुटुंबासाठी मी असाच कागद वाचला. नाव, गाव, ‘रेबेल्दे’, म्हणजे बंडखोर, हा शब्द, सगळं होतं. मी लिहून दिलं, हा माणूस बंडात होता, घराण्याचा अभिमान. त्यांनी ते छापून घेतलं, जेवणावळ केली. वर्षभरानं त्याच गावच्या एका वाण्याच्या घरातले गृहस्थ माझ्याकडे जमिनीचा कागद घेऊन आले. त्या बाडातच त्यांच्या पणजोबांची मोडीतली फिर्याद होती: अमुक रात्री अमुक माणसानं घरात शिरून भाताचे कोठार उघडलं, बायकोच्या अंगावरचे दागिने काढून नेले, आणि जाताना ‘सरकारला सांगितलंस तर घर जाळीन’ म्हणाला. नाव तेच होतं. मी त्या गृहस्थांना काही बोललो नाही, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. मी सरकारचा शब्द उलटा केला होता आणि त्यालाच इतिहास म्हटलं होतं. ज्याचं कोठार फुटलं, त्याला मी विचारलंच नव्हतं.

पुढे ती फिर्याद मी पुन्हा वाचली. तो वाणी सरकारची कर-वसुली मक्त्यानं घ्यायचा. म्हणजे लुटायला घर आंधळेपणानं निवडलेलं नव्हतं. पण बायकोचे दागिने कुठल्या करात बसतात? एकाच रात्री एकाच माणसानं बंड आणि चोरी दोन्ही केलं होतं. तेव्हापासून मी ‘की’ हा शब्द वापरायचं सोडलं.

तर तुमच्या कागदाकडे असं बघा. आधी तारीख आणि महिना. मग कागद कोणी लिहिलाय: चौकीवरच्या अधिकाऱ्यानं पणजीला पाठवलेलं पत्र असेल तर त्याला आपली कामगिरी दाखवायची असते, तो प्रत्येकाला अट्टल गुन्हेगारच म्हणणार. माफीची किंवा शरण आलेल्यांची यादी असेल, तर त्याच नावापुढचा शब्द मऊ झालेला दिसेल. ती यादी शोधा. सरकारी बोलेतीं, म्हणजे राजपत्र, १८३७ पासून छापलं जात होतं, बंडाच्या काळातले हुकूम आणि जाहीरनामे त्यात सापडतात. पणजीच्या पुराभिलेखात ते आणि मूळ बाडं बघता येतात. पोर्तुगीज येत नसेल तर वाचणारा बरोबर घ्या, कारण जुन्या हस्ताक्षरात ‘राणे’ आणि ‘नाणूस’ यांतही गफलत होते. मोडी कागद मात्र अनेकदा घरातच असतात, देव्हाऱ्याखालच्या पेटीत.

मग काय लुटलं ते बघा. चौकी, दारूगोळा, वसुलीची रोकड, की वाटसरूचं गाठोडं? बरोबर कोण होतं? सगळे एका घरातले असतील तर भाऊबंदकीचा वास येतो. चार गावांचे, त्यात कुळं, गवळी-धनगर, पळालेले शिपाई असे मिसळलेले असतील तर मामला मोठा. आणि सर्वांत महत्त्वाचं: त्याला भाकरी कोणी पोचवली? वर्षभर रानात राहणारा माणूस गावाच्या मर्जीशिवाय जगत नाही. धाकानं अन्न आठवडाभर मिळतं. वर्षभर नेऊन द्यायला कोणीतरी आपलं माणूस लागतं, आणि ते बहुतेक वेळा बाई असते. तिचं नाव कुठल्याही कागदात नसतं. ते तुमच्या घरातल्या जुन्या बायकांना विचारा, आणि विचारताना ‘बंड’ हा शब्द काढू नका. ‘रानात जेवण कोण न्यायचं?’ एवढंच विचारा.

शेजारच्या घरांनाही विचारा. तुमच्या घरात जी शौर्याची गोष्ट आहे, तीच दोन वाड्यांपलीकडे भीतीची गोष्ट असू शकते. ती ऐकून घेतल्याशिवाय फलक लावू नका. गावात राहायचं आहे तुमच्या माणसांना.

थोडक्यात: आजीची आठवण आणि कागदातला शब्द यांत भांडण असलंच पाहिजे असं नाही, साल आणि बंड ठरवा, मागणी होती का, माफी मिळाली का ते शोधा, ज्यांचं गेलं त्यांच्याकडेही जा. फलकावर सध्या काही लिहायचंच असेल तर विशेषण टाळा. नाव, गाव, साल, आणि ‘राण्यांच्या बंडाच्या काळात वर्षभर रानात राहिले’. एवढं आजीच्या बोलण्यातून उभं राहतं आणि चुलतभावालाही त्यावर हरकत घेता येणार नाही. ‘हुतात्मा’ किंवा ‘स्वातंत्र्यसैनिक’ हे शब्द मागाहून घालता येतात. दगडात कोरलेला शब्द खोडणं अवघड, ते मी अनुभवातून सांगतो.

आणि झेरॉक्सवर भागवू नका. मूळ कागद जिथे आहे तिथे जाऊन त्याची मागची बाजू बघा. निकाल, माफी, ‘हजर झाला’, ‘मयत’, ‘घाटावर गेला’ असे शेरे बऱ्याचदा मागेच मारलेले असतात, आणि झेरॉक्स काढणारा पान उलटत नाही.